बसता न येण्याचा इतिहास

प्युडेंडल नर्व्ह मुलांना दाखवायची तर मृतदेह आधी पालथा घालावा लागतो. नितंबाचा मोठा स्नायू कापून बाजूला केला, की त्रिकास्थीपासून बैठकीच्या हाडापर्यंत गेलेला जाड, पांढरा अस्थिबंध दिसतो. त्याच्या खाली आडवा, आखूड असा दुसरा. त्रिकास्थीतल्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मुळांपासून बनलेली ही नस ओटीपोटातून मागे बाहेर पडते, आखूड अस्थिबंधाला वळसा घालते आणि लगेच दुसऱ्या फटीतून पुन्हा आत शिरते. बाहेर दिसते ती पेरभर. पुढचा मार्ग पाहायला मृतदेह उताणा करायचा, पाय फाकवायचे आणि गुदद्वाराशेजारच्या खड्ड्यातली पिवळी चरबी चिमट्याने थोडी थोडी काढत बसायचं. घाई केली की गुदद्वाराकडे जाणारी बारीक फांदी चरबीबरोबर तुटून हातात येते, आणि त्या टेबलाची मुलं दिवसभर खट्टू असतात. चरबी संपली की बाहेरच्या भिंतीवर स्नायूचं आवरण लागतं. ते एका ठिकाणी दुभंगून त्याचा बोगदा झालेला असतो. ब्लेडच्या टोकाने तो उघडला की आत नस आणि रक्तवाहिनी शेजारी शेजारी पडलेल्या. बाई असो की पुरुष, गुदद्वार, जननेंद्रिय आणि त्यांच्या मधली जागा यांची बहुतेक संवेदना आणि मलमूत्र धरून ठेवण्याची ताकद मुख्यतः या एका नसेवर आहे.

त्या बोगद्याचं वर्णन छापून आलं 1836 साली. तिथे नस दबली तर माणसाला बसणंच अशक्य होतं, ही गोष्ट वैद्यकाने गंभीरपणे घेतली ती 1987 नंतर. मी जन्मभर शरीररचनाशास्त्र शिकवलं, त्यामुळे मधली दीडशे वर्षं मला फार लागतात. नकाशा तयार होता, वाट माहीत होती, आणि त्या वाटेवर कळवळणारी माणसं दवाखान्याच्या दारात उभी होती. उभी म्हणते ते अक्षरशः, कारण त्यांना बसवत नव्हतं.

बेंजामिन अल्कॉक हा आयर्लंडमधल्या किल्केनीचा. जन्म 1801 चा, शिक्षण डब्लिनचं. रॉबर्ट टॉड यांनी संपादित केलेल्या शरीररचनेच्या मोठ्या कोशात त्याने श्रोणीतल्या रक्तवाहिन्यांवर नोंद लिहिली, आणि एका धमनीचा माग काढताना त्याने तो बोगदा नेमका टिपला. लक्ष धमनीवर होतं. नस तिच्या सोबतीने आली. पुढे 1849 मध्ये कॉर्कला नवं क्वीन्स कॉलेज सुरू झालं, तिथला शरीररचनेचा पहिला प्राध्यापक अल्कॉकच. चारपाच वर्षांतच मृतदेह मिळवण्याच्या कायद्याच्या अंमलबजावणीवरून त्याचं वरिष्ठांशी बिनसलं आणि त्याला खुर्ची सोडावी लागली. 1855 मध्ये तो अमेरिकेला गेला. त्यानंतर त्याचा मागमूस नाही.

मृतदेहांसाठी नोकरी गमावणं म्हणजे काय, हे आमच्या विषयातल्या माणसाला सांगावं लागत नाही. आपल्याकडे 1949 चा शरीररचना कायदा आहे. बेवारस मृतदेह त्याच्या आधारानेच कॉलेजांना मिळतात. कागदपत्रं, पोलिसांचा दाखला, वाट पाहण्याची मुदत, हे सगळं सांभाळताना वर्ष निघून जातं. ज्या बेवारशांच्या देहांवर आम्ही ही नस शिकलो, त्यांचं ऋण मला या विषयात सतत जाणवत आलं आहे. त्यांच्यातही कुणाला ही वेदना असेल. विचारायला कुणी नव्हतं.

वेदनेची गोष्ट वेगळ्या रस्त्याने चालली होती. एडिंबरात क्लोरोफॉर्म प्रथम वापरणारे जेम्स यंग सिम्पसन यांनी 1859 च्या सुमारास बसताना आणि बसून उठताना माकडहाडाशी होणाऱ्या दुखण्याला स्वतंत्र आजार म्हणून नाव दिलं. हे त्यांचं मोठं काम. त्यांच्याकडे येणाऱ्या बायका एका नितंबावर टेकून बसतात, हे त्यांनी पाहिलं आणि त्याला अर्थ आहे असं मानलं. उपाय मात्र त्या काळाचा: कातडीखालून बारीक सुरी सरकवून माकडहाडाला चिकटलेले स्नायू सोडवायचे, फारच झालं तर हाडच काढायचं.

त्याच सुमारास लंडनमध्ये आयझॅक बेकर ब्राऊन नावाच्या शल्यचिकित्सकाने प्युडेंडल नसेचं नाव घेतलं, आणि ते ज्या प्रकारे घेतलं त्याची मला आजही चीड येते. 1866 च्या त्याच्या पुस्तकाचा दावा असा, की बायकांचा हिस्टेरिया, फेफरं, वेड यांचं मूळ या नसेच्या उत्तेजनात आहे. आणि उपाय म्हणजे बाईच्या जननेंद्रियाचा सर्वांत संवेदनशील भाग कापून टाकणं. रुग्णांना आणि घरच्यांना पुरतं न सांगता तो शस्त्रक्रिया करत असे, असा आरोप झाला. 1867 मध्ये लंडनच्या प्रसूतिशास्त्र सोसायटीने त्याला काढून टाकलं. ते बरंच झालं. पण माझं मत असं, की या प्रकरणाने नुकसान दोन्हीकडून झालं. नस बदनाम झाली, आणि ओटीपोटाच्या तळाशी दुखतं म्हणणारी बाई आधी मनाने आजारी ठरवायची ही सवय तशीच राहिली.

पुरुषांची कथा सायकलच्या सीटवरून सुरू होते. 1890 च्या दशकात युरोप-अमेरिकेत सायकलीचं वेड पसरलं, तसे मधोमध खाच किंवा भोक असलेल्या सीटचे प्रकार बाजारात आले. आरोग्यदायी सीट म्हणून त्यांची जाहिरात होई. म्हणजे कारागिराला कळलं होतं की भार बैठकीच्या हाडांवर यायला हवा, मधल्या मऊ जागेवर नाही. पुरुषांना दवाखान्यात मिळालं ते 'प्रोस्टेटची सूज' हे निदान आणि जंतू सापडो न सापडो, वर्षानुवर्षं त्यावरची औषधं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 1995 मध्ये प्रोस्टेटच्या दुखण्यांची नवी वर्गवारी केली, तेव्हा जंतूंशिवाय होणाऱ्या ओटीपोटाच्या जुनाट वेदनेला त्यात वेगळी जागा मिळाली.

सर्वांत आश्चर्य मला प्रसूतिशास्त्राचं वाटतं. 1908 मध्ये जर्मनीत म्युलर यांनी बाळंतपणात या नसेभोवती भुलीचं इंजेक्शन देण्याची पद्धत मांडली. विसाव्या शतकाच्या मध्याला ती जगभर रुळली. योनीतून दोन बोटं घालून आतलं टोकदार हाड चाचपायचं आणि त्याच्या टोकाशी औषध सोडायचं, एवढंच तंत्र. आमच्या शिकण्याच्या काळात प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडी परीक्षेत हे येत असे. इंजेक्शन दिलं की तो सगळा भाग बधिर होतो हे माहीत; तर मग ज्या माणसाला तिथेच असह्य दुखतं त्याला तेच इंजेक्शन देऊन वेदना थांबते का पाहावं, ही पुढची पायरी किती जवळ होती! तिथे पोचायला सत्तर-ऐंशी वर्षं लागली.

मध्ये दोन माणसं हाताने काम करणारी होऊन गेली. कॅन्सस सिटीचे गुदरोगतज्ज्ञ जॉर्ज थील यांनी 1937 मध्ये लिहिलं, की माकडहाडाच्या बहुतेक दुखण्यात हाड निर्दोष असतं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडलेले असतात. गुदद्वारातून बोट घालून ते स्नायू त्यांच्या लांबीच्या दिशेने हळूहळू चोळायचे, हा त्यांचा उपचार. तो आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. दुसरे लॉस एंजेलिसचे आर्नोल्ड केगल. 1948 मध्ये त्यांनी तेच स्नायू आवळण्याचे व्यायाम सांगितले, ते बाळंतपणानंतर सैल पडलेल्या आणि लघवी गळणाऱ्या बायकांसाठी. त्यांची कीर्ती इतकी झाली, की ओटीपोटाच्या कुठल्याही तक्रारीवर 'केगल करा' असं सर्रास सांगितलं जातं. स्नायू आधीच आखडलेले असतील तर ते आणखी आवळणं म्हणजे दुखणं वाढवणं आहे. अशा रुग्णाला स्नायू सैल सोडायला शिकवावं लागतं, आणि ते आवळण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे.

माझ्या थोरल्या वन्सं अशाच. पन्नाशी उलटल्यावर पडल्याचं निमित्त झालं आणि त्यांना बसलं की आग व्हायला लागली. निखाऱ्यावर बसल्यासारखी, असं त्या म्हणत. मूळव्याध समजून एक शस्त्रक्रिया झाली. मग मणक्यात गॅप सांगितली, पट्टा बांधला. मग एका मोठ्या डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, की आईला माणसांत रमवा. सत्यनारायणाला त्या बसेनात तेव्हा नातेवाइकांत कुजबुज झाली. लग्नकार्यात पंगत उठेपर्यंत त्या वाढत राहायच्या, आणि सगळे त्यांच्या कामसूपणाचं कौतुक करायचे. जेवायच्या त्या ओट्याशी उभ्या राहून. दुखतं कुठे, हे त्यांनी पुरुष डॉक्टरला कधी नीट सांगितलं नाही. 'खाली दुखतं' एवढंच. आणि एकाही डॉक्टरने विचारलं नाही, की रात्री झोपेतून जाग येते का, उभं राहिलं की कमी होतं का, कमोडवर बसलं तर कसं वाटतं.

हे तीन प्रश्न फ्रान्समध्ये घडले. 1987 मध्ये झेरार आमारेंको आणि सहकाऱ्यांनी 'ला प्रेस मेदिकाल' या नियतकालिकात सायकलस्वारांमध्ये आढळलेल्या विकाराचं वर्णन केलं. अल्कॉकच्या बोगद्यात नस दाबली जाते, मनगटाच्या बोगद्यात हाताची नस दबते तशीच, हे त्यांनी मांडलं. एका सीटमुळे दीडशे वर्षांपूर्वीचा बोगदा दवाखान्यात आला. पुण्यासारख्या एकेकाळच्या सायकलींच्या शहरात हे वाचताना मला आमच्या वर्गातले लांबून पेडल मारत येणारे आणि पहिल्या तासाला मागे उभे राहणारे मुलगे आठवले. कैरोत अहमद शफिक यांनी 1991 मध्ये याच बोगद्याच्या विकाराचं स्वतंत्र वर्णन आणि त्यावरची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली.

पण खरं घर या आजाराला मिळालं ते नाँत शहरात. रोझे रोबेर हे तिथले मेंदूविकार शल्यचिकित्सक आणि त्याच वेळी शरीररचनेचे प्राध्यापक. हा योग महत्त्वाचा. एकाच माणसाने सकाळी रुग्ण तपासला आणि त्याच हातांनी मृतदेहावर नसेचा माग काढला. त्यांना दिसलं, की बोगद्याच्या आधीही एक अरुंद जागा आहे: तेच दोन अस्थिबंध, ज्यांच्या मधून नस जाते. काहींमध्ये ते इतके जवळ असतात की अडकित्त्यात सुपारी सापडावी तशी नस सापडते. बसलं की दाब वाढतो. उभं राहिलं, आडवं झालं की सुटतो. झाँ-झाक लाबा हे त्यांचे सहकारी. सप्टेंबर 2006 मध्ये नाँतला तज्ज्ञांची बैठक झाली आणि निदानाचे निकष ठरले. ते 2008 मध्ये प्रसिद्ध झाले.

ते निकष वाचून मी कितीतरी वेळ थांबले. वेदना या नसेच्या प्रदेशात असावी. बसल्याने ती वाढावी. रात्री वेदनेने झोप मोडू नये. तपासणीत त्या भागाची संवेदना कमी झालेली नसावी. आणि नसेभोवती भूल दिल्यावर वेदना थांबावी. पाचांपैकी तीन निकष फक्त रुग्णाला विचारून कळतात, आणि चौथ्या, संवेदनेच्या तपासणीलाही महागडं यंत्र लागत नाही. एमआरआय करायचा तो गाठ किंवा दुसरा आजार नाही ना हे पाहायला. नस दबली आहे हे त्यात सहसा दिसत नाही. कमोडच्या सीटवर बसलं तर कमी दुखतं, कारण तिथे भार मांड्यांवर आणि बैठकीच्या हाडांवर येतो, मध्ये पोकळी राहते. हेही नाँतच्या मंडळींनी नोंदवलं. वन्सं आपल्या स्वयंपाकघरात कधीपासून सांगत होत्या, की गुडघ्यांसाठी घेतलेल्या कमोडवरच काय ते जिवाला बरं वाटतं. घरात सगळे हसले होते.

उपचारांच्या बाबतीत मला आशा विकायची नाही आणि काढूनही घ्यायची नाही. रोबेर यांची शस्त्रक्रिया नितंबातून होते. अस्थिबंध कापून नस मोकळी करायची, बोगदा उघडायचा आणि नस हाडाच्या पुढे सरकवून ठेवायची. तिची परीक्षा 2005 मध्ये प्रसिद्ध झाली: 32 रुग्ण, निम्म्यांवर शस्त्रक्रिया, निम्म्यांवर नाही. वर्षभराने शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 71.4 टक्क्यांना बरं वाटत होतं, न झालेल्यांपैकी 13.3 टक्क्यांना. चार वर्षांनी शस्त्रक्रिया झालेल्या सोळांपैकी आठांचा आराम टिकून होता. हा अभ्यास लहान आहे, पण प्रामाणिक आहे, आणि निम्म्यांना आराम म्हणजे निम्म्यांना नाही हेही तो लपवत नाही. म्हणून शस्त्रक्रिया शेवटी यावी, आधी नाही. इंजेक्शनचंही तसंच. भुलीच्या औषधात स्टिरॉइड मिसळलं की आराम टिकेल अशी समजूत होती. लाबा आणि सहकाऱ्यांनी 201 रुग्णांवर ते तपासलं आणि 2017 मध्ये छापलं, की तीन महिन्यांनी काही फरक पडत नाही. स्वतःच्या हातचं औषध असं तपासून नापास करणाऱ्या माणसांबद्दल मला नितांत आदर आहे.

गोळ्या सगळ्या दुसरीकडून आलेल्या. अमिट्रिप्टिलिन 1961 मध्ये नैराश्यासाठी आलं. मग कळलं की त्याहून कमी मात्रेत ते नसेच्या वेदनेवर चालतं. गॅबापेन्टिन अमेरिकेत 1993 मध्ये फेफऱ्यासाठी मंजूर झालं, प्रीगाबालिन 2004 मध्ये आलं. हे रुग्णाला आधी सांगितलं नाही तर घोळ होतो. वन्संना औषधाच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, ही तर डोक्याची गोळी. त्यांनी ती त्याच दिवशी बंद केली. गोळी का दिली, मात्रा किती कमी आहे आणि परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, हे मी बसून, म्हणजे त्यांच्याबरोबर उभी राहून, समजावलं तेव्हा पुन्हा सुरू झाली.

आणि घरचा उपाय म्हणजे टब. चरकसंहितेने सांगितलेल्या तेरा स्वेदांमध्ये अवगाह आहे, कोमट काढ्यात किंवा तेलात बसणं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाइपझिगच्या लुई कुने यांनी थंड पाण्याच्या कटिस्नानाचा प्रसार केला. गांधीजींनी ते आपलंसं केलं, आणि त्यांनी 1946 मध्ये सुरू केलेल्या उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमामुळे कटिस्नान मराठी घरांना ओळखीचं झालं. कुने यांचा रोगाबद्दलचा सिद्धांत मला मान्य नाही. पण बेंबीपर्यंत पाण्यात, पाय टबाबाहेर सोडून बसलेल्या माणसाचा भार कमी होतो, आणि पाणी कोमट असेल तर तळाचे आखडलेले स्नायू सैल पडतात, हे मी घरात पाहिलं आहे. याने नस सुटत नाही. संध्याकाळ सुसह्य होते, आणि जुनाट वेदनेत संध्याकाळ सुसह्य होणं ही क्षुल्लक गोष्ट नाही.

वन्संचं निदान शेवटी नसेभोवतीच्या भुलीच्या इंजेक्शननेच झालं. आज त्या कमी मात्रेतली गोळी घेतात, स्नायू सैल सोडायला शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे जातात आणि मध्ये खाच कापलेल्या फोमच्या गादीवर अर्धा तास बसू शकतात. पूर्ण गोल रिंग त्यांना मानवली नाही. पुढे आणि मध्ये जागा मोकळी हवी, भार फक्त दोन्ही हाडांवर.

असं इंजेक्शन ज्यांना घ्यायचं आहे त्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते. भूल काही तासच टिकते, आणि निदान त्या तासांत असतं. घरी जाऊन झोपू नका. आधी, दुखत असताना, किती मिनिटं बसवतं ते लिहा. मग इंजेक्शननंतर साध्या लाकडी खुर्चीवर बसा, दर अर्ध्या तासाने वेदना किती आहे ते कागदावर टिपा आणि बधिरपणा कधी उतरला ती वेळही. आठ-पंधरा दिवसांनी 'फरक पडला का' असं विचारलं जाईल तेव्हा बरेच जण 'नाही' म्हणतात आणि फाइल तिथेच बंद होते. तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.